डेक चार, आतली केबिन

घटस्फोट नवऱ्याशी झाला, सासऱ्याशी नाही,
म्हणून क्लीटस आमच्यासोबत आहेत.
हातात एकच पिशवी, पायांत गोदीतले तेच जुने बूट,
मोबीलच्या बंदरावर रांगेत ताठ उभे.
तिकीट तपासणारी पोरगी विचारते, हे तुमचे कोण?
मी म्हणते, मुलांचे आजोबा.
तेवढं तिला पुरतं.

पाच रात्री. चौघांत एक केबिन. खिडकी नाही.
सगळ्यात स्वस्त आठवडा, सगळ्यात जुनं जहाज.
डेझमंडनं फोनवर आधीच शोधून ठेवलेलं:
घसरगुंडी नाही, चढायची भिंत नाही, सिनेमाचा पडदा लहान.
चौदा वर्षांचा खांदा
जितका उडवता येतो तितका उडवून म्हणाला,
मग आहे काय?

आहे काय.
रंगावर रंग, त्यावर रंग, कठड्याच्या कडा
वापरलेल्या साबणासारख्या गोल झालेल्या.
खुर्चीच्या हातात राखेची वाटी, झाकण स्क्रूनं कायमचं बंद.
दर वेळी तिसऱ्या मजल्यावर थांबून
विचार करणारी लिफ्ट.
नळाचं पाणी आधी तांबूस, मग ओशाळल्यासारखं स्वच्छ.
आणि अख्ख्या जहाजाला वळसा घालणारी लाकडी वाट,
पाण्याच्या इतकी जवळ
की आयव्हीसुद्धा तिथं हळू बोलते.

पहिल्या रात्री क्लीटस जेवायला आले नाहीत.
शोधलं तर जिन्याखाली, भिंतीला तळवा लावून उभे,
ताप बघावा तसे.
बेअरिंग कुरकुरतंय, म्हणाले. पण जाईल. परतही येईल.
त्यांच्या ताटातला मासा मी झाकून ठेवला होता.
हे मी का करते, मला ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी कोझुमेल.
शेजारी ते नवं जहाज येऊन लागलं, सतरा मजली,
आणि आमच्यावरचं ऊन गेलं.
आयव्हीनं मान मोडेपर्यंत वर बघून हात हलवला.
फार उंचावरून कुणीतरी परत हलवला,
नाहीतर टॉवेल झटकला असेल.
डेझमंड काही बोलला नाही.
त्याचं न बोलणं मी दिवसभर बॅगेसारखं वाहिलं.

धक्क्यावर झोपाळे विकणाऱ्या एउलालियाबाई
भाव करता करता थांबल्या. आमच्या जहाजाकडे हनुवटी करून म्हणाल्या,
हे? हे येतं कधीचं. माझा थोरला पोटात होता तेव्हा निळं होतं.
नाव वेगळं होतं.
कोणतं, ते मात्र आठवेना. झोपाळा त्यांनी
आठ डॉलर कमी करून दिला. लावणार कुठे, मी विचारच केला नाही.

चार वाजता सतरा मजले निघून गेले
आणि ऊन तिरपं होऊन आमच्या नाकाडावर पडलं.
इकडे ये, क्लीटस डेझमंडला म्हणाले. समोरून नको बघू. कडेनं बघ.
पांढऱ्या रंगाखाली, आत्ताच्या नावाच्या मागे
उठून दिसली घासून काढलेली अक्षरं.
रो, मग झा, मग काहीतरी, मग बा.
रोझाल्बा! पोरगा ओरडला,
लहानपणी ओरडायचा तसा.

फेब्रुवारीत मी माहेरचं आडनाव परत घेतलं.
परवान्यावर ते, बँकेत अजून जुनं.
जुनं म्हणजे यांचं. या माणसाचं,
तीस वर्षं दुसऱ्यांची जहाजं सांधत आलेल्या.
ते अक्षरांकडे बघत राहिले.
घासलंय चांगलं, वर्लीन, म्हणाले.
घाईत नाही, रागातही नाही. वेळ देऊन घासलंय.
मग टोपी सारखी केली आणि आइस्क्रीम कुठे मिळतं विचारलं.

आता रात्र, की नाही.
दिवा बंद केला की ही केबिन डब्याच्या आतल्यासारखी.
वरच्या फळीवर डेझमंडचा एक पाय बाहेर,
क्लीटसचं घोरणं आणि इंजिन, दोघांचा सूर एकच,
मधूनच एक थांबतं, दुसरं सांभाळून घेतं.
आयव्ही माझ्या कुशीत कुजबुजते,
बाहेर सकाळ झाली का?
मी म्हणते, माहीत नाही गं.
खालून, अंधारातून, झोपेतला आवाज येतो:
अजून नाही.